पॉइंटर घ्यायचाय? आधी वेळ मोजा

आज पिल्लं बघताना पुन्हा तेच जाणवलं, लोक अंगावरचे ठिपके बघून पॉइंटर, म्हणजे पक्षी हुडकणारा शिकारी कुत्रा, निवडतात. इंग्लिश पॉइंटर मोकळ्या रानात लांबवर धावून पक्षी हुडकतो. घर आणि शिकार दोन्हीला एकच कुत्रा हवा तर जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर बरा. तो सहसा जवळ राहून काम करतो, पाण्यातूनही पक्षी आणतो. पण रोज दीड-दोन तास पळवणं आलंच, नाहीतर सोफा गेला म्हणून समजा! पिल्लू ८ आठवड्यांआधी आणू नका, आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे मागा. बंदुकीचा आवाज आधी लांबून, पिल्लू खेळात दंग असताना ऐकवायचा. पहिलाच बार कानाशी काढला की भीती बसते, आणि ती काढणं महाकठीण. या कुत्र्यांची छाती खोल, त्यामुळे पोट फुगून पीळ पडण्याचा धोका. जेवण दोनदा विभागून द्या, वर लगेच धावणं नको. घरात कोंबड्या असतील तर दहादा विचार करा.