राजीनाम्याचा कागद आणि उधन्याची गाडी

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला चटईचा किंवा पीव्हीसी पाइपचा एखादा लहान कारखाना बंद पडला, तर त्याची बातमी होत नाही. यंत्रे विकली जातात, शेड दुसऱ्याला भाड्याने जाते आणि तिथली पंचवीस-तीस माणसे नव्या ठेकेदाराच्या शोधात फिरू लागतात. त्यांतली बहुतेक सरकारी व्याख्येने गरीब नसतात. दोन खोल्यांचे घर, दुचाकीचा हप्ता, शिकणारी मुले, असा त्यांचा संसार असतो. काम सुटल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत या संसाराचे जे होते, त्यावर पुढची कितीतरी वर्षे ठरतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांसाठी आपल्याकडची मदत बहुधा पोहोचत नाही, असे माझे मत झाले आहे.

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ, मूळचे पारोळ्याकडचे, नऊ वर्षे एकाच शेडमध्ये चटईच्या लूमवर काम करत होते. एके संध्याकाळी "भाऊ, काम सुटनं" एवढेच त्यांनी दारात उभे राहून सांगितले आणि मोबाइलवर एका कागदाचा फोटो दाखवला. कागद आधीच टाइप केलेला होता. घरगुती अडचणीमुळे मी स्वेच्छेने काम सोडत असून माझे कोणतेही येणे बाकी नाही, असा मजकूर आणि खाली यांची सही. सही केल्याशिवाय थकलेला पगार मिळणार नाही, असे सुपरवायझरने बजावले होते. घरगुती अडचण त्या सहीनंतर सुरू झाली, आधी ती नव्हती.

या एका सहीने किती नुकसान होते, हे कामगाराला त्या क्षणी कोणी सांगत नाही. कामगारकपात झाली तर एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, हा औद्योगिक विवाद कायद्यातला नियम २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. परंतु स्वेच्छेने काम सोडणे म्हणजे कपात नव्हे, त्यामुळे राजीनामा लिहून घेतला की मालकाची त्यातून सुटका होते. महिना तेरा हजार पगार धरला तरी नऊ वर्षांचे हे येणे साठ हजारांच्या आसपास जाते. ग्रॅच्युइटी राजीनाम्यानेही बुडत नाही, मात्र १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे तिला साधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा लागते. या गृहस्थांच्या पगाराच्या चिठ्ठीवर नऊ वर्षांत तीन ठेकेदारांची नावे बदलली. यंत्र तेच होते, सुपरवायझर तोच होता, तरी कागदावर कोणाकडेच पाच वर्षे भरली नाहीत. अशी कागदावरची सेवा जोडून दाखवायची म्हणजे कामगार न्यायालयाची पायरी चढायची, आणि हातात पैसा नसलेल्या माणसाला तेवढी वर्षे थांबणे परवडत नाही.

कर्मचारी राज्य विमा योजनेखाली २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. पुरेशी वर्षे विम्याची वर्गणी भरलेल्या कामगाराचे काम सुटल्यास नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीचा काही भाग मिळतो. आधी तो पंचवीस टक्के होता, २०२० मध्ये पन्नास टक्के झाला. तेरा हजारांच्या पगारावर हे साधारण साडेएकोणीस हजार होतात, म्हणजे तीन महिन्यांचे भाडे आणि किराणा. आमच्या वसाहतीत ज्यांच्या पगारातून दरमहा विम्याची कपात होते, त्यांतल्या फार थोड्यांना ही योजना ठाऊक आहे. इथेही 'स्वेच्छेने' हा शब्द आडवा येतोच.

घरात मात्र घसरण ठरलेल्या क्रमाने होते. आधी भिशी थांबते, मग दुकानदाराच्या वहीतली उधारी वाढते. शेंगदाणा तेलाच्या डब्याऐवजी सोयाबीनचे पाऊच येते, तुरीची डाळ रविवारपुरती उरते आणि भाकरी माहेरहून आलेल्या दादर ज्वारीच्या पोत्यावर चालते. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. या गल्लीत सोन्याचा उपयोग गहाण ठेवण्यापुरता आहे. आमच्या शेजारीण वहिनींनी पोत मोडली नाही, गहाण ठेवली, आणि त्या कर्जातून आधी मायक्रोफायनान्स कंपनीच्या महिला गटाचे थकलेले हप्ते भरले. मंगळवारी सकाळी वसुलीचा माणूस येतो, तेव्हा सर्व बायकांचे पैसे जमा होईपर्यंत कोणालाच उठता येत नाही. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या नऊ जणी तिच्याकडे पाहत बसतात. बँकेच्या नोटिशीपेक्षा ही बैठक जास्त कामाची आहे, हे त्या कंपन्यांना चांगले कळते.

रेशनचे सांगायचे तर या घराचे कार्ड केशरी आहे. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार आहे, तेव्हा महिना पाच हजार मिळवणारा शहरातला माणूससुद्धा माणशी पाच किलो मोफत धान्याच्या बाहेर राहतो. त्यात उत्पन्नाच्या दाखल्यावर मागच्या वर्षाची कमाई येते. ज्या महिन्यात चूल अडते, त्या महिन्यात दाखला मात्र गेल्या वर्षीचा पगार दाखवतो. गरिबी पूर्ण मुरल्याखेरीज मदत न करणे, याला काटकसर म्हणता येत नाही. दागिने गेल्यावर आणि मुलाचे शिक्षण सुटल्यावर त्याच कुटुंबाला उभे करायला कितीतरी जास्त खर्च येतो.

जुन्या पिढीतले लोक अमळनेरची प्रताप मिल आणि जळगावची खानदेश मिल बंद पडल्याच्या आठवणी सांगतात. खानदेश मिलच्या जागेवर आता खान्देश सेंट्रल हे संकुल उभे आहे. तो आघातही मोठाच होता, परंतु मिल कामगाराचे नाव हजेरीपटावर होते, युनियन होती, भांडायला एक दार होते. आज ठेकेदाराचा फोन लागत नाही, इथूनच सुरुवात होते.

शेवटी गाडी सुरतेकडे वळते. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत जाणाऱ्या ताप्ती लाइनने खानदेशाची कितीतरी घरे सुरतेच्या उधना आणि लिंबायत भागांत नेली आहेत. हे गृहस्थही तिथे पॉवरलूमवर लागले असून मजुरी मीटरवर मिळते. आकडा जळगावच्या पगारापेक्षा मोठा दिसतो, पण खोलीचे भाडे, खाणावळ आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा जाता घरी पोहोचणारी रक्कम पूर्वीइतकीही नाही. जाण्याआधी त्यांनी पीएफ काढला. पेन्शनखात्यातले पैसेही काढा, असा सल्ला त्यांना बऱ्याच जणांनी दिला होता, परंतु ते काढले की आधीची सेवा पुसली जाते, म्हणून ती रक्कम तशीच ठेवून सेवेचे प्रमाणपत्र घ्यायचे ठरले. पेन्शनला दहा वर्षे लागतात आणि यांची नऊ भरली आहेत. उधन्याच्या कारखान्यात पीएफ कापत नाहीत, त्यामुळे दहावे वर्ष अजून सुरू झालेले नाही.