एकोणीस वर्षं शिकवल्यानंतर टीईटी दिली, तो अनुभव

मी नाशिकला, पंचवटीतल्या एका खाजगी अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. २००६ साली शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिन्याला तीन हजार रुपये मानधन होतं. तीन वर्षांनी कायम झाले, शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता आली, सेवापुस्तक सुरू झालं. त्यानंतर वर्गात पेपर वाटायचे आणि घरी आणून तपासायचे, एवढाच माझा परीक्षेशी संबंध उरला होता.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्या दिवशी घरोघरी गौरीपूजन होतं. नैवेद्याच्या गडबडीत फोन बघायलाही सवड नव्हती. संध्याकाळी पाहिलं तर शाळेच्या ग्रुपवर निकालाची पीडीएफ आणि खाली सगळ्यांचे प्रश्नच प्रश्न. मथितार्थ असा होता: पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) पास व्हायची, नाहीतर सेवा सोडायची. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरली आहे ते आहेत तिथे राहू शकतात, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी लागणार.

रागाबद्दल स्पष्टच लिहिते, कारण तो अजून गेलेला नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्याच वर्षी २३ ऑगस्टच्या अधिसूचनेने टीईटी आली आणि आपल्या राज्याने १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने नव्या नेमणुकांना ती सक्तीची केली. आम्ही त्याच्या कितीतरी आधी, तेव्हाच्या नियमाप्रमाणे जाहिरात, मुलाखत, मान्यता असं सगळं करून लागलेलो. शिक्षकाने विषयाचा अभ्यास ताजा ठेवावा हे मला शंभर टक्के मान्य आहे. त्यासाठी पन्नाशीतल्या माणसाची नोकरी टांगणीला लावावी, हे मात्र आजही पटत नाही.

आमच्या स्टाफमध्ये कोणाची काय स्थिती, ते मुख्याध्यापिका बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात कागदावर मांडलं. बाईंची स्वतःची निवृत्ती जवळ, त्यामुळे त्यांना सूट. मागच्या काही वर्षांत लागलेले दोन तरुण शिक्षक टीईटी पास होऊनच आलेले. उरलो आम्ही सहाजण. त्यात पाचवीच्या मॅडमना पेपर एक द्यायचा, कारण तो पहिली ते पाचवीसाठी असतो. बाकी आम्हा सगळ्यांना पेपर दोन. सगळ्यात अवघड अवस्था मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या सरांची. त्यांचं वय बावन्न. खाजगी शाळेत अठ्ठावन्नला निवृत्ती, म्हणजे सहा वर्षं उरलेली. जेमतेम वर्षभराने ते सक्तीत सापडले. त्यांना मधुमेह आहे, घरी आई अंथरुणाला खिळलेली. कागदावर स्वतःच्या नावापुढचा आकडा वाचला आणि काही न बोलता ते सातवीच्या तासाला निघून गेले.

त्याच वर्षीच्या टीईटीची तारीख २३ नोव्हेंबर होती. दोन वर्षांची मुदत आहे तर पुढच्या वर्षी बघू, असं काहींचं म्हणणं पडलं. बाईंनी ते खोडून काढलं. पहिल्या खेपेला बसलात तर पुढची संधी हातात राहते, एवढं एकच वाक्य त्या बोलल्या आणि सहाही जणांनी फॉर्म भरायचं ठरलं.

फॉर्मचं काम आमच्या क्लार्क भाऊसाहेबांनी अंगावर घेतलं. ऑनलाइन फॉर्म म्हटलं की फोटोचा आकार, सहीचा आकार, कागदपत्रांच्या स्कॅनमधली अक्षरं, सगळीकडे अडायला होतं. शिवाय आम्हा बायकांचं नावाचं त्रांगडं. माझ्या दहावीच्या गुणपत्रकावर माहेरचं नाव, डी.एड.च्या प्रमाणपत्रावरही तेच, आणि आधारवर सासरचं. नावबदलाच्या राजपत्राची प्रत घरात कुठेच मिळेना. भाऊसाहेबांनी कपाटातून माझी वैयक्तिक फाइल काढली आणि मान्यतेच्या प्रस्तावामागे पिवळट पडलेलं राजपत्राचं पान बोटाने दाखवलं. लग्नानंतर नावबदलासाठी मी दिलेला कागद त्यांनी इतकी वर्षं जपून टाचून ठेवला होता. शाळा म्हटलं की लोक शिक्षकांबद्दल बोलतात. कार्यालयातल्या त्या टेबलामागचा माणूस किती जणांच्या नोकऱ्या कागदोपत्री सांभाळत असतो, ते अशा वेळी कळतं.

आता अभ्यास. पेपर दोनमध्ये दीडशे प्रश्न, दीडशे गुण, वेळ अडीच तास. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र तीस, पहिली भाषा तीस, दुसरी भाषा तीस आणि उरलेले साठ गुण एक तर गणित-विज्ञान नाहीतर सामाजिक शास्त्रे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या गटाला साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण हवेत. बाजारातले जाडजूड गाइड आम्ही आणले, पण खरा उपयोग झाला तो बालभारतीच्या सहावी ते दहावीच्या पुस्तकांचा (ती ईबालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात) आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा.

शाळा सुटल्यावर साडेपाचला आम्ही सातवी ब च्या वर्गात बसू लागलो. क्लास कोणालाच लावायचा नव्हता. परवडण्याचा प्रश्न होताच, शिवाय प्रत्येक विषयाचा माणूस आमच्यातच होता. सरांनी आम्हाला समास, प्रयोग, वृत्तं शिकवली. इंग्रजीच्या मॅडमनी आठवीच्या पुस्तकातले उतारे घेऊन प्रश्न सोडवून घेतले. पाचवीच्या मॅडमना गणिताचा धसका, त्यांच्याकडून मी काळ-काम-वेग करून घेतलं. आणि बालमानसशास्त्र तरुण शिक्षिकेने घेतलं, जी वयाने माझ्या भाचीएवढी. ती आधी संकोचायची, सरांना फळ्यापाशी बोलवायचं कसं म्हणून. तिसऱ्याच दिवशी सर स्वतः उठले, खडू हातात घेतला आणि म्हणाले, ‘मॅडम, मला चुकू द्या, मगच सांगा.’

मला या सगळ्यातून सगळ्यात जास्त मिळालं ते त्या मानसशास्त्राच्या तासातून. मुलांचा विचार कसा वाढत जातो हे मांडणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे डी.एड.ला घोकला होता, तो परीक्षेपुरता. आता वाचताना समोर रोजची मुलं होती. साधारण सात ते अकरा वर्षांपर्यंत मूल हाताळता येणाऱ्या वस्तूंच्या आधाराने तर्क करतं, अमूर्त विचार त्यानंतर हळूहळू येतो, असं पियाजे मांडतो. आमच्याकडे समीकरण येतं ते सहावीत, म्हणजे नेमकं त्या उंबरठ्यावर. ‘क्ष अधिक पाच बरोबर बारा’ लिहिलं की अर्धा वर्ग पटकन सात म्हणतो आणि अर्धा वर्ग ‘क्ष म्हणजे काय?’ इथेच थांबतो. थांबलेल्या मुलांना मी आजवर जास्त उदाहरणं द्यायचे. यंदा तराजू आणला, एका पारड्यात गोळ्यांची बंद पुडी आणि पाच सुट्या गोळ्या, दुसऱ्यात बारा. दोन्हीकडून पाच-पाच काढा, असं एका मुलीला सांगितलं. तिने काढल्या, पारडी बरोबरीत राहिली, पुडी फोडून मोजली आणि मग माझ्याकडे न बघता वहीत उदाहरण सोडवायला घेतलं. परीक्षेचा राग बाजूला ठेवून सांगते, हा तास मी टीईटीच्या अभ्यासाशिवाय घेतला नसता.

सराव परीक्षा रविवारी व्हायच्या. बाई पर्यवेक्षक, आणि शिपाई मामा टोल द्यायचे. खरंतर रविवार त्यांचा हक्काचा, पण मखमलाबादहून सायकलवर येऊन ते शाळा उघडायचे, बाकं पुसून ठेवायचे. दर अर्ध्या तासाला एक टोल, शेवटची दहा मिनिटं राहिली की दोन. दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्न हे गणित कागदावर सोपं दिसतं, प्रत्यक्षात भाषेचे उतारे वेळ खातात. मामांच्या टोलांमुळे आम्हाला अंदाज आला की पहिल्या दोन टोलांत दोन्ही भाषा उरकल्या तरच गणिताला दम घेता येतो.

उत्तरपत्रिकेचे गोल हा वेगळाच विषय. सरांचा हात किंचित कापतो. गोल भरताना पेनचं टोक शेजारच्या गोलात जायचं, आणि एका प्रश्नाला दोन गोल काळे दिसले की उत्तर बाद. भाऊसाहेबांनी कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सचा गठ्ठा करून आणला. काळ्या शाईचं जरा जाड टोकाचं बॉलपेन घ्यायचं, टोक गोलाच्या मधोमध टेकवायचं आणि आतून बाहेर फिरवत आणायचं, मनगट बाकावर टेकलेलं ठेवायचं. ऑफ तासाला सर नुसते गोल भरत बसायचे. आठवीची पोरं खिडकीतून बघायची. एकाने विचारलं, तर सरांनी सरळ सांगितलं, माझी परीक्षा आहे, तुझ्यासारखीच.

दिवाळीच्या सुट्टीत फराळ नावापुरता झाला. सत्र परीक्षेचे पेपर तपासणं, निकालपत्रकं आणि अभ्यास एकाच वेळी. त्यावर जास्त लिहीत नाही, ज्यांनी हे केलं आहे त्यांना माहीत आहे.

परीक्षेच्या दिवशी नाशिकची चांगलीच थंडी पडली होती. पेपर दोन दुपारच्या सत्रात होता. केंद्राच्या गेटबाहेर कितीतरी आज्या तान्ह्या बाळांना कडेवर घेऊन उभ्या, कारण आया आत पेपर देत होत्या. तपासणी झाली, बायोमेट्रिक झालं. खडूने झिजलेल्या माझ्या अंगठ्याचा ठसा पहिल्यांदा उमटेना, रुमालाने पुसून पुन्हा दिला. वर्गात माझ्या मुलाच्या वयाच्या मुली आणि माझ्याहून मोठ्या बायका एकाच रांगेत. गणित जरा लांबलचक होतं, विज्ञान सरळ, इंग्रजीने घाम काढला. मानसशास्त्रात बहुतेक प्रश्न वर्गातल्या प्रसंगांवर बेतलेले, नुसत्या पाठांतराने सुटणारे नव्हते.

निकाल लागला त्या दिवशी भाऊसाहेबांनीच एकेकाचा बैठक क्रमांक टाकून पाहिला. मला एकशे सात. सहापैकी चौघं पास. इंग्रजीच्या मॅडम आणि पाचवीच्या मॅडम दोघीही पार पडल्या. एका सहकाऱ्याचे आणि सरांचे गुण कमी पडले. सरांना शहाऐंशी, चार गुणांनी राहिलं. सामाजिक शास्त्रं आणि मराठीत त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त, पण इंग्रजी आणि मानसशास्त्राने मागे खेचलं. पेढे मागवलेले होते, ते कोणी उघडेना. शेवटी सरांनीच खोकं उघडून पहिला पेढा मामांना दिला.

केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, सीटीईटी, हाही एक मार्ग आहे, पण तिथे मराठी भाषा निवडता आली तरी बाकीचे प्रश्न हिंदी-इंग्रजीत असतात. आयुष्यभर मराठीतून इतिहास शिकवलेल्या सरांनी विचार करून राज्याचीच परीक्षा पुन्हा द्यायचं ठरवलं आहे. मुदत अजून आहे. भाऊसाहेबांनी त्यांची कागदपत्रं स्कॅन करून वेगळ्या फोल्डरमध्ये तयार ठेवली आहेत, जाहिरात निघाली की त्याच दिवशी फॉर्म जाईल. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही सातवी ब मध्ये तासभर बसतो. इंग्रजी मॅडम घेतात, मानसशास्त्र आता माझ्याकडे आलं आहे. पियाजे झाला, व्हायगॉट्स्की झाला, येत्या शनिवारी कोलबर्ग घ्यायचा आहे.