त्यांना आठवत नाही, मग मालिश कशाला?

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या वयस्कर माणसांना मी घरी जाऊन मालिश करते. परवा मुलुंडला एका घरातून निघताना मी चपला घालत होते, तेव्हा त्या घरच्या मुलाने विचारलं, "ताई, तुम्ही येऊन गेलात हेसुद्धा बाबांना संध्याकाळी आठवत नाही. मग या मालिशचा उपयोग काय?" त्याआधी हेच विलेपार्ल्याच्या सुनेने विचारलंय, दादरच्या जावयाने विचारलंय, माझ्या सख्ख्या भावानेही. दारात उभं राहून एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून मी "बरं वाटतं त्यांना" एवढंच म्हणते आणि स्टेशन गाठते. तुमच्या बाबांकडेही मी येते आणि तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

आधी पैशांचं, कारण प्रश्नाच्या पोटात तेच असतं. पाऊण तासाचे मी 700 रुपये घेते. जास्त वाटत असतील तर मी तुम्हालाच शिकवीन, पैसे न घेता. कोमट तिळाचं तेल घ्या, मनगटापासून कोपरापर्यंत तळवा सावकाश न्या, सात-आठ सेकंद लागले पाहिजेत. आपल्या हातापायांच्या लव असलेल्या त्वचेत काही मज्जातंतू असे असतात की सेकंदाला साधारण 3 सेंटिमीटर इतक्या संथ आणि कोमट स्पर्शालाच ते सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. बाळाला कुरवाळताना आईचा हात आपोआप याच गतीने फिरतो. मी बऱ्याच घरांत हे शिकवलंय. दोन दिवस करतात, तिसऱ्या दिवशी सकाळची लोकल, मुलांचे डबे, आणि राहून जातं. मी दोष देत नाही. ज्यांनी रात्रभर जागून आईला चार वेळा बाथरूमला नेलंय, त्यांच्या हातात सकाळी संथपणा कुठून यायचा?

स्मरणशक्ती परत येत नाही. हे मी इतकं ठासून सांगते, कारण एके काळी मी याच्या उलट सांगत होते. 2011 साली मी पत्रकं छापली होती, 'स्मरणशक्तीसाठी पादाभ्यंग', म्हणजे तळपायांचं मालिश. काशाच्या वाटीने तळपाय घासल्यावर तूप काळं पडतं, ते दाखवून "बघा, उष्णता बाहेर पडली" असंही सांगायचे. तो काळेपणा वाटीच्या धातूचाच, तुपात उतरलेला. तेव्हाच्या माझा मला राग येतो. पण ती खोटं बोलत नव्हती. तिने एका आजोबांना पाय घासून झाल्यावर लेकीला नावाने हाक मारताना ऐकलं होतं. एकदाच. त्या एकदावर तिने पाचशे पत्रकं छापली.

पुढे वाचायला लागले तेव्हा जमिनीवर आले. 2006 मध्ये कॉक्रेनने, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या संस्थेने, डिमेन्शियात मालिश आणि स्पर्श यांवरचे प्रयोग तपासले, तर त्यांच्या निकषांत बसणारे दोनच छोटे अभ्यास निघाले. एकात हातांच्या मालिशने अस्वस्थता थोड्या वेळापुरती कमी झाली होती, दुसऱ्यात जेवताना बोलण्याबरोबर स्पर्शही केला तर माणसं जरा जास्त जेवली होती. एवढंच. तुम्हाला ते थोडं वाटेल. पण रोज संध्याकाळी पाचला "मला घरी जायचंय" म्हणून स्वतःच्याच घराचं दार बडवणाऱ्या बाईच्या घरात अर्धा तास शांत जाणं म्हणजे काय, हे त्या घरच्यांना विचारा.

आता गिरगावच्या आजींचं सांगते. हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

आजी तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आजार वाढल्यावर बोलणं तुटक झालं, पण हात थांबेनात. समोरच्या हवेतून काहीतरी ओढायचं आणि वर खोचायचं, दिवसभर. सुनेला वाटायचं त्या माशा पकडतायत. मला दुसऱ्या आठवड्यात कळलं की त्या वायरी खोचून ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडतायत. मी त्यांचा उजवा हात दोन्ही तळव्यांत घेऊन बसायचे. दहाएक मिनिटांनी बोटं एकेक करून सैल पडायची, करंगळी सगळ्यात शेवटी. मग त्या मोठा श्वास सोडायच्या आणि म्हणायच्या, "लागला."

ऑगस्टमधली सकाळ होती. मी भिजून पोचले. सून म्हणाली, "आज आळस करतायत, उठतच नाहीयेत." आजी पलंगावर उताण्या, कपाळाला आठी. मी तूप-वाटी काढली आणि डाव्या पायाला हात लावला. त्यांनी "नको गं बाई" म्हटलं. मी म्हणाले, "आजी, दोनच मिनिटं." त्यांनी पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, तो पुरता ओढला गेला नाही. मी टाच धरून ठेवली. त्या कण्हत होत्या, एका लयीत, हळू. मी गाणं गुणगुणले. वीस मिनिटं तो पाय घासला. शेवटी त्या गप्प झाल्या आणि मला वाटलं, शांत झाल्या.

दोन दिवसांनी एक्स-रे काढला. डाव्या खुब्याशी फ्रॅक्चर. रात्री केव्हातरी त्या बाथरूमकडे जाताना पडल्या असणार आणि कशाबशा परत येऊन झोपल्या असणार. पडल्याचं त्यांना आठवलं नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही. ऑपरेशन झालं. त्यानंतर कित्येक दिवस त्या कुणालाच ओळखेनात, आणि पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत. अकरा महिन्यांनी गेल्या.

डॉक्टर म्हणाले, तुमच्या घासण्याने हाड मोडलेलं नाही. सुनेने चहा दिला, तिने एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट म्हणाली, "आम्हाला तरी कुठे कळलं?" पण मला त्या हाडापेक्षा तो 'नको' जास्त टोचतो. शब्द शाबूत होता, स्वच्छ होता, आणि योग्य माणसाला उद्देशून होता. मी तो आजाराच्या खात्यावर टाकला. त्यांना काही कळत नाही असं म्हणणाऱ्या नातेवाइकांवर मी चिडते, आणि त्या सकाळी मी स्वतः तेच केलं.

त्यानंतर मी पेनॅड शिकले. ज्यांना दुखणं सांगता येत नाही त्यांच्यासाठी 2003 मध्ये केलेली ही मोजपट्टी आहे. श्वास, आवाज, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत काढल्यावर माणूस शांत होतो का, या पाचांना शून्य ते दोन गुण द्यायचे. त्या सकाळचे गुण मी कितीदा तरी मांडून पाहिलेत. कसेही मांडले तरी हात लावायच्या आधी सुनेला "डॉक्टरांना बोलवा" म्हणावं इतके होतात. आता एका पोटरीला सूज दिसली, रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, तर मी आधी डॉक्टरांना विचारायला लावते. कातडी कागदासारखी झाली असेल तर वाटी पिशवीतच राहते.

भाऊ म्हणतो, इतकं मनाला लागलं तर सोडून दे. सोडलं होतं, चार महिने. मग वाटलं, आठवड्यात या माणसांना जे हात लागतात ते डायपर बदलायला, गोळी भरवायला, धरून बसवायला. काही करवून घ्यायचं नाही असा हात एखादा तरी असावा. हे खरं उत्तर आहे की माझी सोय, ते मला अजून सांगता येत नाही. उद्या कुणी मोठा अभ्यास करून म्हणालं की साधं शेजारी बसून हात धरला तरी तेवढंच होतं, तर मी वाद घालणार नाही. मला स्वतःलाही अधूनमधून तसं वाटतं.

तुमच्या बाबांकडे मी गुरुवारी अकराला येते. दर वेळी नाव सांगते, कारण त्यांच्यासाठी मी दर वेळी नवीनच असते. मग माझा तळवा वर करून त्यांच्या मांडीजवळ ठेवते आणि थांबते. त्यांनी हात ठेवला तर सुरू करते. मागच्या गुरुवारी त्यांनी ठेवला नाही. वीस मिनिटं आम्ही खिडकीतून रिक्षा बघत बसलो आणि मी उठले. तुम्ही पाकीट पुढे केलंत, मी घेतलं, आणि ठाण्यापर्यंत ते उघडलं नाही. हात न लागलेल्या दिवसाचे पैसे घ्यावेत की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते गुरुवारी सांगा.