तुम्ही विचारलंत म्हणून: कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नसलेला संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात कसा पोहोचतो?

अमेरिकेत नव्याने शिकायला आलेली मराठी मुले आणि त्यांना भेटायला आलेले पालक मला कॉलेज फुटबॉलविषयी एक प्रश्न हमखास विचारतात. मायामीचा संघ २०२५च्या हंगामात एसीसी या आपल्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठ-संघांच्या गटाच्या, विजेतेपदाच्या सामन्यातही नव्हता, तरीही १९ जानेवारी २०२६ रोजी तो राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना खेळला. उलट ज्या ड्यूकने एसीसीचे विजेतेपद पटकावले, त्याला राष्ट्रीय प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, जागाच मिळाली नाही. हा कुठला न्याय, असे तुम्ही विचारता. माझे उत्तर असे की यातला बराचसा निकाल मैदानावर पाऊल ठेवण्यापूर्वी, वेळापत्रक ठरते तेव्हाच लागायला सुरुवात झालेली असते.

विजेतेपदाच्या सामन्याची प्रथा एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सने १९९२ साली सुरू केली, तेव्हा तिच्यामागे सरळ तर्क होता. कॉन्फरन्समध्ये बारा संघ, त्यांचे दोन विभाग. विभागातला प्रत्येक संघ आपल्या विभागातल्या सर्वांशी खेळणार आणि दोन विभागांचे विजेते शेवटी समोरासमोर येणार. आता एसीसीत सतरा संघ आहेत, एसईसीत सोळा, बिग टेनमध्ये अठरा, आणि विभाग मोडीत निघाले आहेत, त्यामुळे तक्त्यातले पहिले दोन संघच तो सामना खेळतात. २०२५ मध्ये एसीसीच्या संघाने कॉन्फरन्समध्ये आठ सामने खेळायचे होते, म्हणजे उरलेल्या सोळा प्रतिस्पर्ध्यांपैकी निम्म्यांशी त्याची गाठच पडणार नव्हती. अशा तक्त्यात पहिले दोन क्रमांक कोणाचे, हे तुम्ही किती चांगले खेळलात याइतकेच तुमच्या वाट्याला कोण आले यावरही ठरते.

त्या हंगामात नेमके तेच झाले. व्हर्जिनिया सात विजय आणि एका पराभवासह अव्वल राहिला, आणि त्याच्यामागे ड्यूक, मायामी, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग आणि एसएमयू हे पाच संघ सहा विजय आणि दोन पराभव अशा बरोबरीत अडकले. मायामी आणि ड्यूक एकमेकांशी खेळलेलेच नव्हते. मग कोंडी फोडण्यासाठी जो निकष लावला गेला, तो असा: कॉन्फरन्समधल्या तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून किती टक्के सामने जिंकले? आयपीएलमध्ये गुण समान झाले की आपण निव्वळ धावगती पाहतो, पण ती निदान स्वतःच्या संघाने कमावलेली किंवा गमावलेली असते. इथे ड्यूकची सरशी झाली ती दुसऱ्यांच्या मैदानांवर दुसऱ्यांनी मिळवलेल्या विजयांच्या हिशेबाने. ड्यूकने पुढे व्हर्जिनियाला जादा वेळेत २७-२० असे हरवले, हे श्रेय त्यांचेच. पण आठ विजय आणि पाच पराभव घेऊन ते विजेते झाले आणि त्या पराभवांपैकी एक होता ट्युलेनविरुद्धचा, जो संघ स्वतःच्या लहान कॉन्फरन्सचा विजेता म्हणून प्लेऑफमध्ये पोहोचला.

कारण प्लेऑफचा नियमच तसा होता. २०२४ आणि २०२५च्या हंगामांत बारा संघ असे घेतले गेले: क्रमवारीत सर्वांत वर असलेले पाच कॉन्फरन्स विजेते आणि बाकीचे सात निवड समितीच्या क्रमवारीनुसार. ड्यूक त्या पाचांत बसला नाही. दहा विजय आणि दोन पराभव असलेला मायामी मात्र उरलेल्या सातांतून आत आला आणि तो कसा आला हेही पाहण्यासारखे आहे. विजेतेपदाच्या सामन्यांपूर्वीच्या क्रमवारीत नोत्र दाम दहावा, बीवायू अकरावा आणि मायामी बारावा होता. त्या शनिवारी बीवायू बिग ट्वेल्व्हच्या विजेतेपदाच्या सामन्यात टेक्सास टेककडून ३४-७ असा हरला आणि खाली घसरला. त्यामुळे नोत्र दाम आणि मायामी शेजारी आले, समितीने त्यांची थेट तुलना केली, ऑगस्टअखेर मायामीने नोत्र दामला २७-२४ असे हरवले होते ते निर्णायक मानले, आणि नोत्र दाम बाहेर गेला. हे दोन्ही संघ त्या दिवशी खेळलेलेही नव्हते. दुसरीकडे अलाबामा एसईसीच्या सामन्यात जॉर्जियाकडून २८-७ असा हरूनही आपल्या नवव्या स्थानावरून हलला नाही. एकाच दिवशी मोठ्या फरकाने हरलेल्या दोन संघांना अशी वेगळी फूटपट्टी लावणे मला आजही पटत नाही.

तुम्ही म्हणाल, मग विजेतेपदाचा सामना खेळणे तोट्याचेच का? सरसकट तसे नाही. इंडियानाने ओहायो स्टेटला १३-१० असे हरवून बिग टेन जिंकली आणि पुढे एकही सामना न गमावता मायामीला २७-२१ असे नमवून राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. पण ज्या संघाची प्लेऑफमधली जागा आधीच पक्की आहे, त्याला या सामन्यातून मिळायचे थोडे आणि गमवायचे पुष्कळ असते. ७ डिसेंबर २०२४ रोजी अटलांटात जॉर्जिया आणि टेक्सास भिडले तेव्हा हे अगदी डोळ्यांसमोर घडले. पूर्वार्धाच्या शेवटच्या चालीवर जॉर्जियाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कार्सन बेक चेंडू फेकत असताना धडक बसून त्याच्या फेकीच्या हाताचे कोपर दुखावले, आणि उत्तरार्धात गनर स्टॉकटन उतरला. जादा वेळेत स्टॉकटनचे शिरस्त्राण धडकेत उडाले. शिरस्त्राण निघालेल्या खेळाडूला एक चाल बाहेर बसावे लागते, म्हणून त्या एका चालीपुरता जखमी बेक पुन्हा आत आला, त्याने चेंडू ट्रेव्हर एटियेनच्या हाती दिला आणि एटियेनने विजयी टचडाऊन केला. जॉर्जिया २२-१९ असा जिंकला, पहिल्या फेरीतून सूट मिळाली. पण बेकचा हंगाम शस्त्रक्रियेने संपला आणि पुढच्याच सामन्यात नोत्र दामने जॉर्जियाला २३-१० असे घरी पाठवले.

त्याच हंगामात ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असा हरला आणि बिग टेनच्या विजेतेपदाच्या सामन्याला मुकला. त्या पराभवाचे दुःख ओहायो स्टेटच्या कोलंबस शहरात किती खोल होते हे शब्दांत सांगणे कठीण आहे. तरीही तो शनिवार विश्रांतीत गेलेला हा आठव्या मानांकनाचा संघ टेनेसी, ओरेगन, टेक्सास आणि नोत्र दाम यांना ओळीने हरवून राष्ट्रीय विजेता झाला. ज्या चार कॉन्फरन्स विजेत्यांना पहिल्या फेरीतून सूट मिळाली होती, ते चारही आपापला पहिलाच सामना हरले. आणि एका वर्षाने मायामीला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेलेला क्वार्टरबॅक कोण होता? जॉर्जिया सोडून तिथे गेलेला तोच कार्सन बेक.

म्हणून माझे मत विचाराल तर, ज्या कॉन्फरन्सना आपल्या सर्व संघांना एकमेकांशी खेळवणे शक्य नाही, त्यांनी पहिल्या दोन क्रमांकांचा हा सामना बंद करावा, किंवा निदान तो हरणाऱ्याला न खेळलेल्या संघाच्या खाली ढकलले जाणार नाही असे समितीने हंगामापूर्वीच लेखी जाहीर करावे. एसईसी २०२६पासून आठऐवजी नऊ कॉन्फरन्स सामने खेळणार आहे, त्यांत तीन प्रतिस्पर्धी दरवर्षीचे ठरलेले आणि सहा फिरते असतील. हे पाऊल मला मनापासून आवडले, कारण त्याने तक्त्याला थोडी अधिक किंमत येईल. पण तरीही प्रत्येक संघाची सहा प्रतिस्पर्ध्यांशी त्या वर्षी गाठ पडणार नाही, आणि ते सहा कोण हे वेळापत्रक काढणारेच ठरवतील.