सामोआच्या लाव्हातील खंडीय कवच

खंडाचा खडक हलका असतो, त्यामुळे तो कवचाखालच्या प्रावरणात बुडत नाही, असे आपण शाळेत शिकतो. अख्ख्या खंडापुरते हे बहुतांशी खरे आहे. त्याच्या अंशांबाबत मात्र नाही. नद्यांनी समुद्रात नेलेल्या गाळापैकी काही गाळ सागरी गर्तांपाशी खाली सरकणाऱ्या भूपट्टाबरोबर आत ओढला जातो, आणि वरच्या भूपट्टाची कडही खरवडली जाऊन त्याच वाटेने जाते. या दोन्हींचे मिळून प्रमाण दरवर्षी साधारण दीड ते तीन घन किलोमीटर असावे, असे अंदाज आहेत. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: हे द्रव्य खोल प्रावरणात पोहोचले आणि तिथे टिकले, हे कशावरून म्हणायचे?

ते खोल जाऊ शकते याचा पुरावा आपल्याच देशात आहे. लडाखमधील त्सो मोरारी परिसरातल्या, मोठ्या दाबाखाली बनणाऱ्या इक्लोगाइट खडकात, गार्नेटच्या स्फटिकांत बंदिस्त झालेले कोएसाइटचे सूक्ष्म कण सापडले आहेत. कोएसाइट हे क्वार्ट्झचेच प्रचंड दाबाखाली बनणारे रूप असून त्यासाठी सुमारे 90 किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोली लागते. भारतीय खंडाची उत्तर कड सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी तिथवर जाऊन परतली, ही नोंद त्या कणांनी जपली आहे. सुमारे 300 किलोमीटरच्या आसपास मात्र कोएसाइटचे स्टिशोव्हाइट या आणखी दाट रूपात रूपांतर होते आणि घनता दर घन सेंटिमीटरला 2.9 ग्रॅमवरून 4.3 ग्रॅमपर्यंत चढते. तिथून पुढे खंडीय द्रव्य भोवतालच्या प्रावरणापेक्षा जड होते, आणि त्याला वर ढकलणारे बळच उरत नाही.

इतक्या खोलवरच्या द्रव्याची ओळख पटवायला स्ट्रॉन्शियमचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू, उपयोगी पडतात. रुबिडियम 87 चे स्ट्रॉन्शियम 87 मध्ये अतिशय संथपणे रूपांतर होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे 4,960 कोटी वर्षे आहे. प्रावरण अंशतः वितळते तेव्हा रुबिडियम शिलारसात जाणे पसंत करते, त्यामुळे ते खंडीय कवचात साठत आले आहे. परिणामी जुन्या खंडीय खडकात स्ट्रॉन्शियम 87 आणि 86 यांचे गुणोत्तर 0.72 किंवा त्याहूनही वर जाते, तर महासागरतळाच्या मध्यवर्ती पर्वतरांगांवरील बेसॉल्टमध्ये ते 0.7025 च्या आसपास राहते.

2007 साली ‘नेचर’मध्ये पॅसिफिकमधील सामोआच्या सवाई बेटाविषयी एक शोधनिबंध आला. बेटाच्या पाण्याखालच्या उतारांवरून खरवडून वर आणलेल्या लाव्हात हे गुणोत्तर 0.7205 पर्यंत होते. सागरी बेटांच्या लाव्हात तोवर इतके मूल्य कुठेच मिळाले नव्हते. समुद्राच्या पाण्याने खडक बिघडून हा आकडा आला असेल, ही शंका टिकत नाही, कारण समुद्राच्या पाण्याचे स्वतःचे गुणोत्तर 0.709 आहे. 0.709 च्या पाण्यात खडक कितीही मुरला तरी तो 0.72 वर पोहोचणार नाही.

यासाठी फार मोठे खंडीय द्रव्य लागते असेही नाही. वरच्या खंडीय कवचात स्ट्रॉन्शियम दहा लाख भागांत सुमारे 320 भाग असते, मूळ प्रावरणात सुमारे 20. समजा, मिश्रणात 5 टक्के कवच आहे: कवचाकडून 16 भाग येतात, प्रावरणाकडून 19. वजनाने विसावा हिस्सा असलेला पाहुणा स्ट्रॉन्शियमचा जवळजवळ निम्मा वाटा उचलतो. खोल प्रावरणाच्या रसायनावर इतक्या थोड्या द्रव्याचा एवढा ठसा उमटतो तो यामुळेच.

इथे मराठी वाचकाने एक सावधगिरी बाळगावी, कारण साधारण हाच आकडा सह्याद्रीतही मिळतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये आंबेनळी घाटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांचे गुणोत्तर 0.704 च्या आसपास आहे, तर बुशे नावाच्या थरांत ते 0.713 ते 0.720 इतके चढते. पण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा तो शिलारस भारताच्या जाड, जुन्या कवचातून वर आला आणि येताना त्याने वाटेतला खडक वितळवून घेतला. बुशेतला खंडाचा अंश त्यामुळे प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यातला आहे. सामोआखाली खंडच नाही, पॅसिफिकचा पातळ सागरी तळ आहे. तिथला खंडीय अंश उगमातूनच आला असला पाहिजे. म्हणूनच या प्रश्नात भर महासागरातल्या बेटांचे मोल मोठे आहे.

तरीही प्रत्येक वेगळ्या लाव्हात बुडालेला खंड शोधणे मला पटत नाही. सिरियम आणि शिसे यांचे गुणोत्तर बहुतेक सागरी बेसॉल्टमध्ये 25 च्या आसपास असते आणि खंडीय कवचात 4 च्या जवळपास. सवाईच्या त्या लाव्हात ते असाधारण कमी आहे, पण बहुसंख्य बेटांवर ते 25 च्या परिसरातच राहते. पिटकेर्न बेटाच्या लाव्हाबद्दल तर मतभेदच आहेत: काही जण तिथे खंडाचे खालचे कवच पाहतात, काही जण खोल समुद्रातला जुना गाळ. शिवाय आत गेलेला सगळा गाळ खोलवर पोहोचतही नाही. वातावरणात तयार होणारे बेरिलियम 10 गाळाबरोबर खाली जाते आणि गर्तांलगतच्या काही ज्वालामुखींच्या लाव्हात पुन्हा सापडते. त्याचे अर्धायुष्य सुमारे 14 लाख वर्षेच असल्याने या गाळाचा काही भाग भूगर्भीय मानाने अगदी लवकर वर येतो, हे नक्की. सामोआपर्यंत पोहोचतो तो या पहिल्या परतीतून सुटलेला भाग.