माशांपासून पतंगांपर्यंत: जीनोममधली माझी वाटचाल

माझी पीएचडी स्टिकलबॅक माशावर. बोटाएवढा मासा, पाठीवर तीन काटे, आणि उत्क्रांती डोळ्यांनी बघायची असेल तर याच्या तोडीचा मासा नाही असं मी आजही ठामपणे सांगते. हा मूळचा समुद्रातला, हिमयुग संपल्यावर साधारण 10 ते 12 हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळून जी तळी तयार झाली त्यात शिरला, एका तळ्यातल्या माशाचा दुसऱ्या तळ्यातल्या माशाशी काही संबंध नाही तरी बदल मात्र बऱ्याच ठिकाणी सारखेच झाले, अंगावरचं हाडांचं चिलखत कमी झालं आणि काही तळ्यांत तर पोटाखालचे काटेही गेले. मला तेव्हापासून एकच प्रश्न सतावतोय, की निसर्ग दरवेळी त्याच जीनला हात घालतो का, आणि घालत असेल तर त्यालाच का.

मी आले तेव्हा मोठ्या दोन गोष्टी कळलेल्या होत्या. चिलखतामागे ईडीए नावाचं जीन आहे हे 2005 मधे आलं होतं, आणि गोड्या पाण्यातला त्याचा प्रकार समुद्रातल्या माशांमधे आधीपासूनच थोड्या प्रमाणात फिरत असतो, म्हणजे प्रत्येक तळ्यात नव्याने म्युटेशन व्हायची वाट बघावी लागत नाही. दुसरं पिटएक्स1. पोटाखालचे काटे ज्यांचे गेले त्या माशांत हे जीन अगदी शाबूत असतं, प्रोटीन तेच, फक्त जवळचा डीएनएचा एक तुकडा, जो हे जीन नेमकं त्या जागी चालू करतो, तेवढाच उडालेला असतो. 2010 चा तो पेपर मी किती वेळा वाचला असेल देव जाणे. हेच जीन भ्रूणात इतरही कामं करतं त्यामुळे ते मोडून चालणार नाही, पण एका अवयवापुरतं बटण बंद केलं तर मासा जगतो, इतकं साधं आणि इतकं सुंदर उत्तर मी तोवर जीवशास्त्रात पाहिलं नव्हतं.

माझ्या वाट्याला आला जबडा. समुद्रातला आणि तळ्यातला मासा क्रॉस करायचा, त्यांची पिल्लं आपापसात क्रॉस करायची, मग नातवंडांच्या पिढीत कोणाला डीएनएचा कुठला तुकडा आलाय आणि जबडा कसा आहे हे जुळवायचं. ऐकायला सोपं आहे पण हा मासा मोठा व्हायला जवळपास वर्ष लागतं आणि फेलोशिप काही माशाच्या वयाप्रमाणे वाढत नाही. ॲलिझरिनने हाडं लाल रंगवून, मांस पारदर्शक करून, एकेक मासा मायक्रोस्कोपखाली आडवा ठेवून मी मोजत बसायचे. चिलखताच्या प्लेटाही नोंदवायच्या, समुद्री माशाला एका बाजूला तिसाच्या वर असतात, तळ्यातल्याला कधी कधी पाच-सहाच. ते लाल हाडांचे मासे बघताना कंटाळा आला नाही कधी, खरंच सांगते. जबड्याचं उत्तर चिलखतासारखं एका जीनवर आलं नाही, वेगवेगळ्या क्रोमोसोमवर थोडा थोडा परिणाम करणाऱ्या बऱ्याच जागा मिळाल्या, आणि माझ्या मते बहुतेक गुणांचं असंच असतं, फक्त पाठ्यपुस्तकात सोपी उदाहरणं जातात.

पोस्टडॉकला मी कीटकांकडे, म्हणजे फुलपाखरासारख्या पतंगांकडे वळले. मासे सोडू नकोस, इतक्या वर्षांची ओळख वाया जाईल असं बऱ्याच जणांनी समजावलं, पण मला बघायचं होतं की बटण बदलण्याची ही गोष्ट पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यातही तशीच आहे का. पहिलाच धक्का डीएनएचा. माशाच्या पंखाचा कोपरा कापून अल्कोहोलमधे टाकला की साध्या सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचायचं, काम भागतं आणि मासाही पोहत राहतो. इथे लाँग रीड सिक्वेन्सिंगसाठी, जे लांब तुकडे एका दमात वाचतं, डीएनएचे लांब न तुटलेले धागे लागतात, अख्खा पतंग लिक्विड नायट्रोजनमधे गोठवायचा, उणे 80 ला ठेवायचा, आणि तरी पोटातलं अन्न, पोटातले बॅक्टेरिया आणि अंगात राहणारा वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया हे सगळं सोबत येतंच. असेंब्ली, म्हणजे वाचलेले तुकडे जोडून अख्खा डीएनए उभा करणं, झाली की आधी हे पाहुणे ओळखून बाहेर काढायचे.

पुढची अडचण वेगळीच. माशांमधे 30 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी अख्खा जीनोम (प्राण्याचा सगळा डीएनए) दुप्पट झालेला असल्यामुळे तिथे एकसारखी दिसणारी दोन जीन्स एकात मिसळू नयेत हे सांभाळायचं असतं. रानातून पकडलेल्या पतंगात उलटं, आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रतींमधे इतका फरक असतो की सॉफ्टवेअर त्यांना दोन वेगळ्या जागा समजतं आणि जीनोम आहे त्याहून मोठा दिसायला लागतो. मधमाश्यांवर काम करणाऱ्यांचा मला तेव्हा हेवा वाटायचा, त्यांच्याकडे नराला एकच प्रत असते, प्रश्नच मिटला. हे सगळं सोडवायला मला कमांड लाइन स्वतः शिकावी लागली आणि तुम्हीही स्वतःच शिका, दुसऱ्याकडून तयार टेबल घेऊन बसलात तर कुठला आकडा खरा आणि कुठला असेंब्लीचा खेळ हे कधीच कळणार नाही.

माझा विषय पंखांच्या रंगाचा होता. काळ्या आणि फिक्या पतंगांचे जीनोम ताडून पाहिले तर दोघांतला फरक दाखवणाऱ्या आलेखात एकाच ठिकाणी उंच शिखर आलं, कॉर्टेक्स नावाच्या जीनपाशी. इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या काळात काळा पडलेला पेपर्ड मॉथ ऐकलाच असेल, त्याच्यात 2016 मधे याच जीनच्या आत साधारण 22 हजार अक्षरांचा, डीएनएमधे जागा बदलत उड्या मारणारा एक तुकडा घुसलेला सापडला होता, आणि हेलिकोनियस फुलपाखरांमधेही त्याच वर्षी हीच जागा निघाली. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झालेले प्राणी आणि जागा तीच! त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण शिखर आलं म्हणजे पुरावा नाही, आमचा पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनी क्रिस्पर (डीएनए नेमक्या जागी कापून बदलायचं तंत्र) करून दाखवा म्हटलं आणि बरोबरच म्हटलं. नुकती घातलेली अंडी गोळा करायची, काही तासांच्या आत काचेच्या बारीक सुईने टोचायची, कवच कडक म्हणून सुई तुटते, बरीच अंडी वाळतात, उरलेल्यांच्या अळ्या वाढवायच्या, कोष होऊ द्यायचे आणि वाट बघायची. पंख उघडतात तेव्हा सगळा पंख नाही तर ठिपके ठिपके बदललेले दिसतात, कारण थोड्याच पेशींत बदल झालेला असतो. मधे कॉन्ट्रॅक्ट संपलं, नूतनीकरणाचं पत्र महिनोन् महिने रखडलं, त्या काळात एका सहकाऱ्याने अळ्यांना खाऊ घातलं नसतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. प्रयोगातले प्राणी आणि माणसांची कॉन्ट्रॅक्टं यांचा मेळ कुणीतरी गंभीरपणे बसवायला हवा.

आणि मग 2024 मधे एकामागून एक पेपर आले की खरं काम कॉर्टेक्स करतच नाही. त्याच जागेतून आयव्हरी नावाचा एक लांब आरएनए (डीएनएवरून उतरवलेली प्रत) तयार होतो, त्यापासून प्रोटीन बनत नाही, आणि त्यातूनच निघणारा मिर-193 हा चिमुकला मायक्रोआरएनए रंग ठरवण्यात पुढे आहे. आमच्या जीन्सच्या यादीत तो आरएनए नव्हताच, कारण याद्या बनवताना सगळे मुख्यतः प्रोटीन बनवणारी जीन्सच शोधत होते. आम्ही कोषातल्या पंखांचा आरएनए पुन्हा सिक्वेन्स केला, तो तिथे होता, काळ्यात जास्त, फिक्यात कमी, मग सुया त्या जागेवर रोखल्या आणि पंखावर पांढुरके ठिपके आले. पेपर नव्याने लिहिला, शीर्षकही बदललं, आणि तो आता स्वीकारला गेलाय. सगळे रीड्स, म्हणजे सिक्वेन्सिंगमधून वाचलेले तुकडे, सार्वजनिक आर्काइव्हमधे टाकलेत, कुणाला दुसऱ्या पतंगात हाच आरएनए शोधायचा असेल तर असेंब्लीपासून सुरुवात करायची गरज नाही, सरळ कोषाच्या डेटापासून करा.