तुम्ही विचारलंत म्हणून: हातात काठी का नसते?

जुळे सोलापुरात पहाटे फिरायला येणारे मला नेहमी विचारतात, "एवढी भटकी कुत्री आहेत, मग तुम्ही काठी का घेत नाही?" चालता चालता दिलेलं उत्तर अपुरं राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझी कुत्री चिंगी कारवान या शिकारी जातीची. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, डांबर पायाला चटके देतं. म्हणून तिला पहाटे साडेपाचला नाहीतर रात्री नऊनंतरच बाहेर काढता येतं. नेमकी हीच वेळ गल्लीतल्या कुत्र्यांची. दिवसभर गाड्यांखाली पडलेली असतात ती तेव्हा उठून आपापली हद्द राखत असतात, आणि त्या हद्दीत आम्ही शिरतो.

पहिल्या वर्षी काठी होती. एक कुत्रं भुंकलं, मी काठी उगारली, तर कोपऱ्यावरून आणखी तीन धावून आली. चिंगी घाबरून मागे सरकली आणि पट्टा डोक्यावरून सटकन निघाला. कारवानचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा तिला अडवत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती विजापूर रस्त्याच्या दिशेनं पळाली. सापडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एका हातात काठी होती, म्हणून तिला धरायला हात मोकळा नव्हता. त्या दिवसापासून काठी घरीच.

आता अंगात हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचे पट्टे), गळ्यात पट्टा, दोरी पाच-सहा फुटांची. लांबत जाणारी रिळाची दोरी मी कुणालाच सुचवत नाही, ऐन वेळी कुत्रं आवरत नाही. दोरी सैल ठेवते. आपण ती ताणली की चिंगीलाही काहीतरी धोका आहे असं वाटतं.

नजर मात्र लांबवर. अंग सैल, शेपूट सहज हलतेय, जमीन हुंगत वळसा घेऊन येतंय, अशा कुत्र्याची मला भीती नाही. शेपूट ताठ वर, अंग आखडलेलं, नजर रोखलेली आणि आवाज नाही, असं दिसलं की मी लगेच रस्ता ओलांडते. भुंकणाऱ्यापेक्षा या गप्प कुत्र्यापासून मी जास्त जपून असते. पळायचं नाही, पळालं की ते पाठलाग करतंच. चिंगीला मागे घेऊन मध्ये उभी राहते, खणखणीत "हाड!" म्हणते आणि हळूहळू बाजूला होते. दिवाळीनंतरच्या थंडीत ज्या गल्लीत पिल्लं असतील, ती गल्ली आमच्यासाठी बंद. व्यालेली कुत्री कुणालाच जवळ येऊ देत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

कानाचा तुकडा कापलेला दिसला म्हणजे नसबंदी झालेली असते, तेव्हा रेबीजची लसही देतात. पण ती पुन्हा दिली गेली की नाही हे आपल्याला कळत नाही. म्हणून चिंगीची लस दरवर्षी, न चुकता. तिला चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर गाठायचा. चिंगीला लस दिलेली असली तरीही. माणसाला चावलं तरी जखम आधी अशीच धुवायची, मग थेट दवाखाना.

कोपऱ्यावरची तपकिरी कुत्री हल्ली आम्हाला बघून नुसती मान वर करते आणि पुन्हा झोपते. तरी आम्ही पलीकडच्या बाजूनंच जातो.